दाणे चिमणीचे, ताव पारव्यांचा

नमस्कार श्रोतेहो!

पुणे, ठाणे, नाशिक, कुठल्याही सोसायटीच्या गॅलरीत मूठभर ज्वारी टाकून बघा. पहिले हजर होतील ते पारवे. घुमत, पंख आपटत सगळा कठडा अडवतील आणि चिमणी समोरच्या वायरीवर ताटकळत राहील. ती जेमतेम २५-३० ग्रॅमची, पारवा ३०० ग्रॅमच्या घरातला. तिचं त्याच्यापुढे काय चालणार?

हाकलून उपयोग होत नाही. पारवा घटकाभरात परत येतो, टाळ्यांना खरी बिचकते ती चिमणीच. त्यापेक्षा मांडणीच अशी करा की पारव्याला बूड टेकायला जागा मिळू नये. हा मूळचा कड्याकपारींतला पक्षी, त्याला सपाट, ऐसपैस जागा लागते. आपले छज्जे आणि एसीचे डबे त्याला आयतेच मिळाले आहेत. झुलत्या वस्तूला लटकून खाणं मात्र त्याला अवघड जातं. चिमण्या आणि मुनिया ते सहज करतात. म्हणून दाणे ताटलीत ठेवू नका, टांगून ठेवा.

तरीही धीट पारवे येतातच. त्यावर जाळी हा खात्रीचा उपाय आहे. हार्डवेअरच्या दुकानात चौकोनी घरांची तारेची जाळी मिळते, त्यातली दीड इंच घरांची घ्या. तिचा पिंजरा वळवा आणि दाण्यांचं भांडं मधोमध टांगा. चिमणी त्या घरातून आत शिरते, पारवा बाहेरच राहतो. पण भांडं आणि जाळी यांत सगळ्या बाजूंनी एक वीत अंतर हवंच. नाहीतर पारवा मान आत घालतो, कावळा चोच. पिंजऱ्याला वरून उतरतं छप्पर द्या आणि तारेची कापलेली टोकं नीट दुमडा, चिमणीच्या पंखाला लागायला नकोत.

दाणे बारीक निवडा: राळा, बाजरी, नाचणी, तांदळाची कणी. मका आणि हरभरा म्हणजे पारव्यांना आमंत्रण. फरसाण, खारवलेलं काहीही, शिळा पाव कुणालाच घालू नका. सकाळी तासाभरात संपतील एवढेच दाणे ठेवा आणि खाली सांडलेले लगेच झाडून घ्या. सांडलेल्या दाण्यांवरच पारव्यांचा थवा जमतो.

पारव्यांवर राग धरावा असं मी मुळीच म्हणत नाही. पण माणसांच्या दाण्यांवर त्यांची संख्या वाढते आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली की फुप्फुसांचा गंभीर आजार होऊ शकतो. २०२५च्या पावसाळ्यात मुंबईतले कबुतरखाने बंद करण्यावरून केवढा वाद पेटला! दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकावा लागला. श्रद्धेने दाणे घालणाऱ्यांचं मन मी समजू शकतो, पण गॅलरीत तरी पारव्यांना दाणे घालू नयेत असंच माझं ठाम मत आहे.

आणि सगळेच छोटे पक्षी दाणे खात नाहीत. शिंजीर, शिंपी, चष्मेवाला तुमच्या पिंजऱ्याकडे बघणारही नाहीत. त्यांच्यासाठी झाडं लावा. जास्वंदीचं फूल उमललं की शिंजीर येतो, वाकड्या चोचीने मध शोषतो, कधी फुलाला बुडाशीच भोक पाडतो. कढीपत्त्याला फळं धरू द्या, पिकून काळी झाली की बुलबुल त्यांवर तुटून पडतात. या मेजवानीत पारव्याचा वाटा नसतो.

पाण्याचं भांडं मातीचं, उथळ, दोन बोटं खोल असावं. पाणी रोज बदला, डासही होणार नाहीत.

एक शेवटचं. दाणे खाणारी चिमणीसुद्धा लहान पिल्लांना भरवते त्या अळ्या आणि किडे. जास्वंदीच्या पानांना चार भोकं दिसली म्हणून लगेच औषध फवारू नका. मावा ही कीड फारच झाली तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा, अळ्या मात्र राहू द्या.

नमस्कार.