ओरखडे पडलेलं रीळ आणि चॉकलेटचं रक्त

जत्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये ज्यांनी पिक्चर बघितलाय त्यांनी जरा हात वर करा. बरेच आहात की! मग आठवत असेल, ऐन फायटिंगला रीळ तुटायचं, पडदा पांढरा फटक, शिट्ट्या, ऑपरेटरच्या नावानं शिमगा, आणि तो कसंबसं जोडून परत चालू करायचा तोवर व्हिलन मेलेला. कसा मेला ते कुणालाच कळलेलं नसायचं, पण घरी जाताना प्रत्येकजण छातीठोक सांगायचा.

आता गंमत बघा. अमेरिकन दिग्दर्शक रॉबर्ट रॉड्रिग्जने २००७ साली ‘प्लॅनेट टेरर’ हा झोंबींचा, म्हणजे माणसं खात फिरणाऱ्या प्रेतांचा, पिक्चर काढला, डिजिटल कॅमेऱ्यावर, चकाचक, आणि मग मुद्दाम मेहनत घेऊन त्यावर ओरखडे पाडले, डाग पाडले. हिरो-हिरॉइन जवळ येतात, तेवढ्यात फिल्म जळते आणि पाटी येते की एक रीळ गहाळ आहे. परत सुरू होतं तेव्हा हॉटेल पेटलेलं, बाहेर झोंबींची झुंबड, आणि मधलं काय झालं ते तुमचं तुम्ही ठरवा. ही नक्कल आहे सत्तरच्या दशकातल्या अमेरिकेतल्या स्वस्त थेटरांची, पण तंबूतल्या माणसाला ती ओळखीची वाटणारच.

लोक विचारतात, या झोंबींच्या पिक्चरमध्ये एवढं खोटं दिसतंय तर मजा कसली? मला वाटतं खोटं दिसतंय म्हणूनच मजा आहे. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोने १९६८ साली अमेरिकेत पिट्सबर्गजवळ ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ केला तेव्हा रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये कोण बघतंय! दहा वर्षांनी त्याचाच ‘डॉन ऑफ द डेड’ रंगीत आला आणि तिथे खरी धमाल झाली. मेकअपवाला टॉम सॅव्हिनी. त्याने झोंबींना राखाडी रंग फासला तर पडद्यावर ते निळे दिसायला लागले, आणि रक्त एवढं भडक लाल की होळीचा रंग वाटावा. सॅव्हिनीला ते काही पटेना. रोमेरो म्हणाला असू दे, कॉमिक्ससारखं दिसतंय, छान आहे.

आणि हा सॅव्हिनी कोण, तर व्हिएतनाम युद्धात फोटोग्राफर होता. खरी प्रेतं जवळून बघितलेला माणूस. त्यानं पुढे आयुष्यभर रबर आणि रंगाची प्रेतं केली. मी यावर फार तत्त्वज्ञान झाडणार नाही, पण हे कळल्यापासून मला त्या निळ्या तोंडांकडे बघून नुसतं हसता येत नाही एवढं खरं.

न्यूझीलंडच्या पीटर जॅक्सनने १९९२ मध्ये ‘ब्रेनडेड’ केला, तोच जॅक्सन ज्याने पुढे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ केला. त्यात शेवटी घरभर झोंबी झालेत आणि आईच्या धाकातला एक बावळट पोरगा गवत कापायचं मशीन छातीशी उलटं धरून आत शिरतो. बस्स. मग जे काही होतं ते किळसवाणं आहे म्हणावं तर तुम्ही खुर्चीत लोळून हसत असता, कारण एका हद्दीपलीकडे रक्त हे रक्त राहतच नाही, रंगपंचमी होते. पण ते सेटवर खरोखर ओतलंय, लादीवरून पाय घसरतोय, शर्ट बरबाद झालाय. कॉम्प्युटरवर काढलेलं रक्त हवेतच विरतं, कुणाच्या अंगाला लागत नाही, आणि त्यात ‘बघा आम्ही मुद्दाम कसा टुकार पिक्चर काढलाय’ असा शहाणपणा असेल तर मी तरी दहा मिनिटांत उठतो.

असो, आता दिवे बंद करायचेत. आज लावतोय जपानचा ‘वन कट ऑफ द डेड’, २०१७ चा, शिनइचिरो उएदाचा, ज्याचा अख्खा खर्च साधारण ३० लाख येन, म्हणजे आपल्याकडे एवढ्यात धड सेट पण उभा राहायचा नाही. पहिली ३७ मिनिटं एकच सलग शॉट आहे आणि तुम्हाला वाटेल काय हा फालतूपणा, नट मध्येच अडखळतायत, कॅमेरा जमिनीवर पडलाय. कृपा करून उठू नका. कोण कशाला अडखळलं ते सगळं नंतर कळतं, आणि शेवटी गोविंदासारखे थर लागतात. का लागतात ते मी सांगणार नाही. पंखा जरा कमी करा कुणीतरी, आवाज येत नाही मागे.