तांबडीची खोड

तांबडी ही माझी घोडी, माझ्याकडं आली तेव्हा सात वर्षांची होती, आणि तेवढ्यात तिचे तीन मालक झालेले. रायबागकडच्या एका घोडागाडी शर्यतवाल्याकडनं घेतली मी तिला, दोर माझ्या हातात देतानाच तो म्हणाला, हुच्च कुदरी ऐत्री. येडी घोडी आहे. मागनं दुसरी गाडी आली की उधळते, रेषेवर उभी केली की झाड होते, म्हणजे मागच्या दोन पायांवर उभी राहते, तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळायला गेलं की चावते. असल्या खोडीचं जनावर आपल्याकडं कोण ठेवत नाही मंडळी, पण ह्यातली एकसुद्धा खोड ती जन्मताना घेऊन आली नव्हती, हेच सांगायला मी आज उभा आहे.

पहिले दोन महिने मीच चुकलो. आवरत नाही म्हणून कडक लगाम घातला, साखळीवाला. एक दिवस फाटकातनं बाहेर काढताना समोरनं ट्रॅक्टर आला, मी जोरात ओढलं, ती झाड झाली आणि तशीच पाठीवर पडली. मी बाजूला फेकला गेलो म्हणून वाचलो. त्या रात्री गोठ्यात तिच्याजवळ बसून होतो, तोंडातनं लाळ गळत होती आणि लाळेत रक्ताची तार दिसत होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी जबडा उघडून आत बॅटरी मारली तर वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडांना पात्यासारखी धार, गालाला आतनं जखमा. घोड्याची दाढ झिजते तशी हिरडीतनं बाहेर सरकत राहते, आणि वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो, त्यामुळं बाहेरची कड झिजतच नाही. ती कानशीनं घासावी लागते, वर्षातनं एकदा तरी. तिची कधीच घासली नव्हती. कोपराच्या मागं, तंग बसतो तिथं, केसाखाली जुन्या जखमेची गाठ. आणि खाणं काय, तर दोन वेळा चणे आणि भरडा, वैरण नावाला. घोड्याचं पोट मोठं वाटतं पण जठर ८ ते १५ लिटरचंच, त्यात खाल्लं नाही तरी आम्ल सुटत राहतं, म्हणून त्याला दिवसभर थोडं थोडं चघळायला लागतं. तिला रिकाम्या पोटी तासन्‌तास बांधून ठेवायचे. मग ती चावणार नाही तर काय करणार सांगा.

दाढा घासल्या, वैरण वाढवली, खोगीर तीन महिने खुंटीलाच. नुसती मोहोरकी आणि लांब दोर. रोज खरारा, मग छातीला दोन बोटं लावायची, ढकलायचं नाही, नुसती लावून थांबायचं. आधी कान मागं जातात, मग नाकपुडी हलते, मग वजन मागच्या पायावर जातं, पाय अजून उचललेला नसतो बरं का, नुसतं वजन सरकतं, तेवढ्यात बोटं काढायची. घोडा शिकतो ते बोटं काढली त्या क्षणाला. दोन सेकंद उशीर झाला तर तो भलतंच शिकतो, आणि आपण म्हणतो अडेल आहे.

आता उधळण्याचं. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूला, जवळजवळ ३५० अंश दिसतं त्याला, पण बरोबर पाठीमागचं दिसत नाही. त्यात शर्यतीत झापडं बांधलेली, मागं चाकांचा खडखडाट, लोकांची ओरड. काही घोडी हे सहन करतात, काहींना त्यात मजापण वाटत असेल. हिच्या जिवाला ते पेललं नाही.

म्हणून मी टेंट पेगिंग करून बघितलं, पळत्या घोड्यावरनं भाल्यानं जमिनीतली खुंटी उचलायचा खेळ. एकटीनं सरळ धावायचं, मागं कुणी नाही, वाटलं जमेल. पण दुसरी घोडी सुटताना बघत रांगेत थांबायचं म्हटलं की ती घामानं निथळायची. सोडून दिलं. आपल्याकडं घोडा म्हटलं की पळणं एवढंच डोक्यात असतं, पण २०२३ ला हांगझोऊच्या एशियाडमध्ये आपल्या टीमला सुवर्ण मिळालं ते ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याच्या चालीला आणि शिस्तीला गुण देतात त्या खेळात, त्यात कुणी कुणाला मागं टाकत नाही. आणि लांब कशाला जायचं, आपल्या चिकोडी तालुक्यातलं अंकली घ्या. शितोळे सरकारांचे अश्व तिथनं चालत आळंदीला जातात, पालखीबरोबर पंढरपूरला जातात. माऊलींच्या अश्वावर कुणी बसत नाही. रिंगणात टाळमृदंगाच्या गजरात तो धावतो आणि टापांखालची माती घ्यायला हजारो हात पुढं येतात. तिथं शांत राहणारा घोडा वेगळ्याच स्वभावाचा लागतो हो, नुसत्या वेगाचं ते काम नाही. तांबडीला तिथं नेली असती तर तिचे हाल आणि लोकांचेपण.

मग एकदा सहज तिला जांबोटीच्या रस्त्याला घेऊन गेलो, खानापूरच्या रानात. पहाटेची वेळ, तांबडी माती ओली, मागं कुणी नाही, पुढं कुणी नाही. तिनं आपणहून दुडकी धरली आणि ती लय दोन तास मोडली नाही. मान खाली, कान सैल, मध्ये मध्ये फुरफुरत होती. तीन मालकांत तिला हे कुणी दिलंच नव्हतं, नुसता लांब रस्ता.

तेव्हापासनं आम्ही एंड्युरन्सची तयारी करतोय. लांब पल्ल्याच्या ह्या खेळात आधी पोचणं पुरत नाही, प्रत्येक टप्प्यावर डॉक्टर नाडी बघतात, बहुतेक ठिकाणी मिनिटाला ६४ च्या आत आली तरच पुढं सोडतात. विश्रांतीत घोड्याची नाडी २८ ते ४४ असते. परवा ३० किलोमीटर करून आलो, तंग सैल केला, पाणी मारलं, डाव्या कोपरामागं स्टेथोस्कोप लावला. दहा मिनिटांत ५६.

त्याच जागी, जुन्या जखमेवर, आता पांढरे केस आलेत, रुपयाएवढे. तिथं हात नेला की अजून कातडी थरथरते तिची, पण चावत नाही. मान वळवून माझा हात कुठं जातोय ते बघते आणि परत वैरणीत तोंड घालते.