तेवीस उरल्या

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचं आहे तापत चाललेल्या अरबी समुद्राबद्दल. पण आधी माझ्या आत्याच्या वाडीबद्दल सांगतो.

आत्याचं घर श्रीवर्धनला. मागच्या दारी वाडी, तिथे 180 पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, मधून केळी, जायफळ, विहिरीकडे चार माड. सगळी आजोबांच्या हातची झाडं. 3 जून 2020च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. वारा ताशी 100 किलोमीटरच्या वर. आत्या माजघरात, दाराला पाटा लावून बसलेली. पोफळ उंच आणि सडपातळ. ती मधेच मोडते आणि मोडताना कट्‌कन आवाज येतो. आत्या ते आवाज मोजत होती. चाळीसपर्यंत मोजले, मग मोजणं सोडलं.

टाळेबंदीचे दिवस, मी पुण्यात. सहा दिवस फोन लागेना. सातव्या दिवशी लागला. मी विचारलं, "घर कसं आहे?" ती म्हणाली, "कौलं गेली ती जाऊ देत रे. तेवीस उरल्या." 180 मधल्या 23. पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, तीही शिंपणं चुकलं नाही तर. आत्या तेव्हा 71 वर्षांची. त्याच पावसाळ्यात तिने 60 रोपं लावली.

वादळानंतर आळीत बहुतेकांनी पत्रे घातले. आत्याने मात्र पुन्हा कौलं घातली, आणि माझंही मत तेच. कौल फुटलं तर एक बदलता येतं, घर उन्हाळ्यात गार राहतं, आणि पाऊस पडताना घरातल्या माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू येतं.

असो. समुद्र तापतोय, हे लक्षात ठेवा. वादळाला बळ मिळतं ते कोमट पाण्याच्या वाफेतून. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले शास्त्रज्ञ सांगतात की गेल्या काही दशकांत अरबी समुद्राचं पृष्ठभागाचं पाणी 1.2 ते 1.4 अंशांनी तापलं, आणि 2001 ते 2019 या काळात इथली चक्रीवादळं आधीच्या दोन दशकांपेक्षा 52 टक्क्यांनी वाढली. कोकणाने 2009च्या नोव्हेंबरात फयान पाहिलं. मग 2020 साली निसर्ग. त्यानंतर वर्ष पुरं व्हायच्या आत, मे 2021मध्ये, तौक्ते किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं. आत्याची रोपं गुडघ्याएवढी होती म्हणून वाचली. उरलेल्या 23 मधल्या मात्र आणखी चार गेल्या.

पुढचं काय? पुन्हा सांगतो, समुद्र तापतोय. जग जितकं तापेल तितकं वादळांमध्ये जोरदार वादळांचं प्रमाण जास्त असेल, असं शास्त्रज्ञांचं अनुमान आहे. हवा एका अंशाने तापली की ती साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून पाऊसही धो-धो कोसळतो. समुद्राची पातळी चढतेच आहे. किनाऱ्यालगतच्या गोड्या विहिरींना त्याचीच धास्ती.

पोफळ चांगली पन्नासेक वर्षं उभी राहते. आत्याने लावलेली रोपं 2070च्या समुद्रासमोर उभी असायला हवीत. परवा तिचा फोन आला. समुद्राच्या अंगाला वारा अडवायला उंडी आणि करंजाची रोपं हवी आहेत, येताना पंचवीस घेऊन ये, म्हणाली.

नमस्कार.