अनवाणी पाय आणि काचेचं दार

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. कार्यकर्त्यांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "पादत्राणे आणि प्रवेश." पलीकडचा मुलगा म्हणाला, "बाई, प्रवेश जूनमध्ये असतात, आता ऑक्टोबर आहे." त्याचं चुकलं नाही, मी शाळेतच पस्तीस वर्षं घालवली.

आत्ता वर येताना जिन्यापाशी तुम्ही सगळ्यांनी चपला काढल्यात. तिथे पाटी आहे, "पादत्राणे येथे काढावीत." कुणाचा अपमान झाला का? नाही ना. मात्र हेच अनवाणी पाय घेऊन चौकातल्या एखाद्या मोठ्या काचेच्या दुकानात शिरून बघा. माझं आजचं बोलणं या दोन दारांबद्दल आहे. शेवटी मला एका कायद्याची मागणी मांडायची आहे, पण त्याआधी आईची गोष्ट सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

आमची आई सांगोल्याकडची. घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत ती पायताण घालत नाही. लग्नाआधीपासूनचं व्रत आहे, आता पंच्याहत्तरी उलटली तरी मोडलेलं नाही. त्या वर्षी ती नवरात्रात माझ्याकडे पुण्याला होती. पाचवी माळ. भाचीच्या रुखवतासाठी पाच लिटरचा कुकर घ्यायचा म्हणून आम्ही दोघी निघालो. दुकानाचं नाव सांगत नाही. नावावर बोट ठेवलं की आपण त्याच एका दुकानावर रागावतो आणि बाकीची सुटतात.

दारातल्या वॉचमनने आधी तिच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काकू, आजींना चप्पल घालायला सांगा." आई म्हणाली, "बाळा, घरात घट बसलेत." तो पोरगा घुटमळला. त्याला कळलं होतं. तेवढ्यात आतून टाय लावलेले साहेब आले. म्हणाले, कंपनीची पॉलिसी आहे, पायाला काच लागली तर जबाबदारी आमची. आईने मान वाकवून त्या चकचकीत फरशीकडे नीट बघून घेतलं आणि विचारलं, "तुमच्याकडं खाली काचा पडलेल्या असतात व्हय?" (हशा) हसताय, पण तिने खरंच विचारलं होतं. तिला काळजी वाटली. साहेबांकडे उत्तर नव्हतं, म्हणून ते म्हणाले, "इतर कस्टमरना बरं दिसत नाही."

हे मात्र खरं कारण होतं. काच, जंतू, फरशी, सगळं त्याच्यावरचं पांघरूण. बरं दिसत नाही. कुणाला?

आम्ही वळलो. वॉचमन दोन पायऱ्या उतरून मागे आला. हळूच म्हणाला, "आजी, राग धरू नका. माझी आई पण कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाती, अनवाणीच." आईने त्याला विचारलं, "दिसभर हुभाच असतोस?" मग त्याच्या पायांकडे बघून, "बूट मोठा हाय का रं तुला?" बूट एजन्सीने दिलेला, एक नंबर मोठा. पुढे कागदाचा बोळा कोंबलेला. त्याने सावलीत जाऊन एक बूट काढून दाखवला. मोजा टाचेला विरलेला आणि अंगठ्याचं नख काळंनिळं. त्या दाराशी दोनच माणसांचे पाय दुखत होते मंडळी, एक पायताण नाही म्हणून बाहेर आणि दुसरा बूट आहे म्हणून दारात. आई म्हणाली, "खोबरेल लाव रात्री." साहेबांच्या हाकेसरशी तो बूट चढवत परत गेला.

तिथून आम्ही लक्ष्मी रोडला गेलो, भाचीच्या सासूला साडी घ्यायला. तिथे पांढरीशुभ्र गादी घातलेली, आणि गादीवर चढताना दुकानातला मुलगा मला म्हणतो, "ताई, चपला खाली." आईला काढायला काही नव्हतंच. ती थेट जाऊन लोडाला टेकून बसली, आणि त्यांनी तिला आधी पाणी दिलं. एका तासात, एकाच शहरात, त्याच पायांना एका दाराने हाकललं आणि दुसऱ्याने मान दिला. पाय तेच होते, मग बदललं काय?

मी इतिहास शिकवत असल्यामुळे मला मागे जायची खोड आहे. पूर्वी आपल्याकडे मोठ्या माणसासमोर जाताना जोडा बाहेर काढायची रीत. इंग्रज आले, त्यांनी ती रीत आपल्या फायद्याची म्हणून उचलली. साहेबासमोर नेटिवाने जोडा काढायचा. मग नेटिव विलायती बूट घालायला लागले आणि पेच पडला. 1854 साली गव्हर्नर जनरल डलहौसीच्या सरकारने ठराव केला की युरोपीय पद्धतीचे बूट घातलेले देशी गृहस्थ सरकारी प्रसंगी बुटांसह येऊ शकतात. देशी जोडा असेल तर मात्र काढा! म्हणजे आदर कातड्याच्या शिवणीवर ठरला. आजचं ते काचेचं दार या ठरावाचंच नातवंड आहे असं माझं ठाम मत आहे.

आणि पुण्यात आहोत तर जोतीरावांचं नाव घ्यायलाच हवं. 2 मार्च 1888. व्हिक्टोरिया राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकरांनी मेजवानी दिली. जोतीराव मुद्दाम शेतकऱ्याच्या वेशात गेले. दारावरच्यांनी अडवलं. चिपळूणकर धावत आले तेव्हा आत जाता आलं. आणि आत जाऊन जोतीरावांनी राणीच्या मुलाला सांगितलं की इथे दागिन्यांनी मढून बसलेत त्यांच्यावरून हिंदुस्थानची रयत ओळखू नका. म्हणजे दारात अडवलं जाणं हाही त्यांच्या भाषणाचाच भाग झाला.

हुसेनही आठवा. मकबूल फिदा हुसेन, जन्म पंढरपूरचा, 1915. वारीत किती पाय अनवाणी चालतात ते पंढरपूरच्या माणसाला सांगायला नको. 1964 साली गजानन माधव मुक्तिबोध गेले. घर मराठी, कविता हिंदीत. त्यांच्या अंत्ययात्रेपासून हुसेननी पायात घालणं सोडलं असं ते सांगत. आणि 1988 मध्ये मुंबईच्या विलिंग्डन क्लबने त्यांना अनवाणी म्हणून आत घेतलं नाही. देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या चित्रकाराची ही कथा, तर सांगोल्याच्या म्हातारीची काय.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. माझ्या आईचं अनवाणीपण तिने निवडलेलं आहे. याच महाराष्ट्रात ज्यांना गावच्या वाड्यासमोरून जाताना वहाणा काढून हातात धराव्या लागल्या, त्यांचं अनवाणीपण लादलेलं होतं. "पायीची वहाण पायीच बरी" ही म्हण आपण सहज वापरतो, पण ती कुणाला उद्देशून वापरली गेली हे विसरतो. बाबासाहेबांचा सूट आणि चकाकणारे बूट ही काही हौस नव्हती. तेव्हा अनवाणी चालणं किती छान, मातीशी नातं वगैरे मी बोलणार नाही. बूट घालून ऐटीत जायचा हक्क आणि अनवाणी जायचा हक्क, दोन्ही एकच आहेत. दोन्हीकडे प्रश्न हाच की माझ्या पायांवरून माझी पायरी दुसरा कोण ठरवणार.

2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून शेतकरी चालत मुंबईला आले. एकशेऐंशी किलोमीटर. फोड आलेल्या, साल निघालेल्या तळव्यांचे फोटो तुम्ही पाहिलेत. मुंबईकर पहाटे रस्त्यावर येऊन त्यांना चपला, पाणी, बिस्किटं देत होते. मला त्याचा अभिमान आहे. पण तेच पाय दुसऱ्या दिवशी एखाद्या मॉलच्या दाराशी गेले असते तर? 2024 च्या जुलैत बंगळुरात धोतर नेसलेल्या शेतकऱ्याला मॉलमध्ये घेतलं नाही, मुलगा सोबत असताना. सरकारने तो मॉल सात दिवस बंद करायला लावला.

चिठ्ठी आली आहे. सात मिनिटं. म्हणजे जे सांगायला आले तेच आता धावत सांगावं लागणार.

घटनेचं कलम 15, पोटकलम 2. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीची ठिकाणं इथे धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कुणालाही अडवता येणार नाही. 29 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत बाबासाहेबांनी "दुकान" या शब्दाचा अर्थ मुद्दाम रुंद करून सांगितला, जो कोणी पैसे घेऊन सेवा देतो तो दुकानदार. पण या यादीत पोशाख नाही. "प्रवेशाचा हक्क राखीव" ही पाटी तिथून आत शिरते. पोशाखाच्या नावाखाली गरिबी आणि जात चाळून काढता येते.

तमिळनाडूने ही फट बुजवली. 2014 च्या जुलैत वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना चेन्नईत क्रिकेट असोसिएशनच्या क्लबात अडवलं आणि ऑगस्टमध्ये विधानसभेने कायदा केला. वेष्टीवरून वा इतर भारतीय पारंपरिक पोशाखावरून क्लब, संस्था, कंपन्या कुणाला अडवू शकत नाहीत. एक वर्षापर्यंत कैद, पंचवीस हजारांपर्यंत दंड. महाराष्ट्रात काय झालं? डिसेंबर 2020 मध्ये परिपत्रक निघालं की सरकारी कर्मचाऱ्यांनी जीन्स, टी-शर्ट, स्लीपर घालू नये, शुक्रवारी खादी घालावी. कर्मचाऱ्याला नियम समजू शकते. नागरिकाला, गिऱ्हाइकाला संरक्षण कुठे आहे?

माझी मागणी एवढीच. तमिळनाडूसारखा कायदा इथे व्हावा, त्यात दुकानं आणि मॉल स्पष्ट लिहावेत, आणि धोतर, लुगडं, लुंगी यांच्याबरोबर "पायात काही नसणे" हेही लिहावं. जिथे खरोखर धोका आहे, कारखाना, बांधकाम, शस्त्रक्रियेची खोली, तिथे नियम राहू दे, पण कारण पाटीवर लिहा. "बरं दिसत नाही" हे कारण कुणी पाटीवर लिहिणार नाही, आणि लिहिता येत नसेल तर त्यावरून अडवताही येऊ नये.

आणि दारावर उभा असतो त्याला बसायला स्टूल आणि मापाचा बूट द्या. हे माझ्या मसुद्यात नव्हतं, आईने घालायला लावलं.

मसुद्याची प्रत आमदारांना द्यायची आहे. खाली चपलांच्या मांडणीशेजारी टेबलावर ठेवली आहे, दीड पानाची. वाचा, पटलं नाही तर समासात लिहा, पटलं तर सही करा. चपला घालायच्या आधी.