बोलुंडची कड

(दृश्य: थंडीतली राखाडी खाडी. पाण्याच्या काठाशी गवताळ टेकडी.)

डेन्मार्कमध्ये रोस्किल्डेच्या खाडीत ही बोलुंड नावाची टेकडी आहे. उंची १२ मीटर, साधारण चारमजली इमारतीएवढी. लांबी १३० मीटर, रुंदी ७५. पण तिची पश्चिमेची बाजू पाहा. पाण्याजवळून जवळजवळ सरळ वर गेलेली कड. खाडीवरून मोकळा आलेला वारा या कडेवर आदळतो, आणि तिथून पुढे तो काय करतो हे सांगताना भल्याभल्या संगणकांची कसोटी लागली.

पवनचक्कीची जागा ठरवताना वाऱ्याचा अंदाज थोडा चुकला तरी महागात पडतो. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग १० टक्क्यांनी जास्त धरला, की ऊर्जा ३३ टक्क्यांनी जास्त दिसते. सपाट माळावर एका मनोऱ्याच्या मोजमापावरून आसपासचा वारा बऱ्यापैकी सांगता येतो. डोंगरात मात्र शंभर पावलांवर वारा बदलतो. म्हणून संगणकात डोंगर उभा करतात, त्यावरच्या हवेचे लाखो लहान तुकडे पाडतात, आणि प्रत्येक तुकड्यात हवा किती आली, किती गेली, दाब किती, हे शेजारच्या तुकड्यांशी जुळेपर्यंत गणित सोडवत राहतात.

हे गणित खरं की खोटं, ते ठरवायला मोजमाप हवं. २००७-०८च्या हिवाळ्यात डेन्मार्कच्याच रिसो प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी बोलुंडवर आणि आसपास दहा मनोरे उभारले आणि सुमारे तीन महिने वारा मोजला.

(दृश्य: मनोऱ्यावरचं उपकरण, अगदी जवळून.)

या उपकरणाचे बारीक दांडे एकमेकांसमोर रोखलेले आहेत. एका टोकाकडून दुसऱ्याकडे ध्वनी जातो. वाऱ्याबरोबर लवकर पोचतो, वाऱ्याविरुद्ध उशिरा. त्या वेळेच्या फरकातून वेग कळतो, वर-खाली जाणाऱ्या हवेचासुद्धा. कडेच्या माथ्यावर दोन मीटर उंचीवर वारा मंदावलेला, घुसळलेला मिळाला. तिथून थोडं वर गेलं, की तोच वारा वेग घेत होता.

मग झाली खरी परीक्षा. जगभरच्या गटांना टेकडीचा नकाशा आणि खाडीवरचा वारा दिला. टेकडीवरची मोजमापं झाकून ठेवली. ५७ उत्तरं आली. उतार सौम्य आहे असं गृहीत धरणारी जुनी, झटपट मॉडेल, म्हणजे संगणकातल्या गणिताच्या पद्धती, या कडेवर चुकणार हे अपेक्षितच होतं, आणि ती चुकली. भोवऱ्यांचा क्षणाक्षणाचा हिशोब ठेवणाऱ्या सर्वांत खर्चिक मॉडेलांकडून मोठी आशा होती. त्यांनाही वेगाचा अंदाज जमला नाही, कारण टेकडीकडे येणारा वारा गणितात जसा सांगितला तसा आणताना ती अडखळली. वाऱ्याची सरासरी धरून चालणारी मधल्या फळीची मॉडेल सर्वांत पुढे राहिली. वारा सोडायच्या प्रयोगशाळेतल्या बोगद्यात आणि वाहत्या पाण्याच्या पाटात ठेवलेल्या टेकडीच्या छोट्या प्रतिकृतींनीही वेग चांगला सांगितला. २०११ साली हे सगळं, चुकांसकट, प्रसिद्ध झालं. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा पाहताना बोलुंड हटकून आठवतं. तिथंही पठार संपलं की जमीन एकदम खाली उतरते, आणि चक्की कडेपासून किती आत उभी करायची हा प्रश्न तोच असतो.

बोलुंडच्या परीक्षेत दिवसाची ऊब आणि रात्रीचा गारवा हिशोबात नव्हता. तो पेच पुढे पोर्तुगालमध्ये घेतला गेला. २०१७ साली पेर्दिगावच्या दोन समांतर डोंगररांगांवर आणि मधल्या दरीत मनोरे उभे राहिले, आणि रात्री दरीत साठणाऱ्या थंड हवेची हालचाल लेझरच्या किरणांनी मोजली गेली.