आंब्याच्या चवीचं पार्सल

[दृश्य: झिरो माइलचे घोडे, मागे वाहतूक. पार्सलच्या पिशव्या लादलेली दुचाकी.]

सकाळचे दहा. नागपूर कामाला लागलंय. या पिशव्यांमध्ये कुणाची चप्पल आहे, कुणाच्या कुकरची रिंग, कुणाचं स्पर्धा परीक्षेचं पुस्तक. आणि तळाशी हा एक छोटा डबा.

[दृश्य: धरमपेठेतली भाड्याची खोली. फक्त हात. डबा उघडतो.]

वर लिहिलंय ‘मोबाइल ॲक्सेसरीज’. आत ई-सिगारेट. मागवणारा पोट्टा कॉलेजात शिकतो. त्याचा चेहरा आम्ही दाखवणार नाही.

डबा नीट बघा. आयात करणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, छापील किंमत नाही, महिना-वर्ष नाही. तक्रारीसाठी नंबर नाही. पाकीटबंद मालावर हे सगळं छापलेलं असावं, असा नियम २०११ पासून आहे. या डब्यावर आहे फक्त आंब्याचं चित्र आणि ‘निकोटीन ५ टक्के’. म्हणजे एका मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम. जिथे ही वस्तू उघड विकली जाते त्या ब्रिटनमध्ये २० च्या वर परवानगी नाही.

[दृश्य: सीताबर्डी. मोबाइल दुरुस्तीचं टेबल, वरून घेतलेलं.]

दोन दिवसांत यंत्र बिघडलं. ओढलं की जळका वास. खिशात असताना आपोआप तापायचं. दुरुस्तीवाल्या भाऊंनी आमच्यासमोर ते उघडलं.

आधी खालची टोपी. मग ही लांबट बॅटरी, लिथियमचीच, मोबाइलमध्ये असते त्याच जातीची. तिच्याशेजारी बटणाएवढा सेन्सर. आपण हवा ओढली की याला दाब कळतो आणि तो बॅटरी सुरू करतो. वेगळं बटण नसतंच. वर तारेचं बारीक वेटोळं, त्याच्याभोवती कापूस. कापूस द्रव शोषतो, तार तापते, द्रवाची वाफ होते. धूर वाटतो तो हाच.

आता चिमट्यात धरलेला कापूस बघा. काळा. द्रव पोचला नाही आणि तार कोरड्या कापसाला भाजत राहिली. मग द्रव गेला कुठे? खाली झिरपला. सेन्सर ओला झालाय. ओल्या सेन्सरला वाटतं कुणीतरी ओढतंय, म्हणून तो खिशातही बॅटरी चालू करतो. भाऊंनी बॅटरीवर बोट ठेवलं आणि लगेच उचललं.

[दृश्य: मोबाइलचा स्क्रीन. दोन ऑर्डर.]

याच पोट्ट्याच्या फोनमध्ये ही दुसरी ऑर्डर आहे, इअरफोनची. एका बाजूने आवाज येत नव्हता. त्याने ‘परत करा’ दाबलं, माणूस येऊन घेऊन गेला, पैसे खात्यात जमा. तसं झालं नसतं तरी मार्ग होता. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याचं ४८ तासांत कळवावं लागतं आणि महिनाभरात ती निकाली काढावी लागते. १९१५ या हेल्पलाइनवर फोन करता आला असता. ग्राहक आयोगात जायला पाच लाखांपर्यंतच्या खरेदीवर शुल्कही नाही, आणि माणूस नागपुरात राहतो म्हणून नागपुरातच तक्रार देता येते.

ई-सिगारेटसाठी यातलं काही नाही. त्याने लिहिलं, ‘तापते आहे, बदलून द्या.’ मेसेजला निळ्या खुणा आल्या. मग विक्रेत्याचा फोटो गायब. ब्लॉक.

[दृश्य: संध्याकाळ. पानठेला, पन्नीत खर्रा घोटणारे हात.]

नागपूरला तंबाखू नवी नाही. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत टाकून हा खर्रा घोटला जातो, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत. खर्ऱ्याची बाजू मी घेत नाही; तोंड उघडेनासं झालेली माणसं विदर्भात घरोघरी माहीत आहेत. पण ठेलेवाला उद्या त्याच जागी असतो. पार्सल पाठवणारा नसतो.

आणि त्याला पक्कं ठाऊक आहे की गिऱ्हाईक गप्प बसणार. १८ सप्टेंबर २०१९ ला ई-सिगारेटबंदीचा अध्यादेश निघाला, डिसेंबरात कायदा झाला. बनवणं, आयात, विक्री, साठा, जाहिरात, सगळं बंद. ऑनलाइन विक्रीसुद्धा. विकणाऱ्याला पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०२३ मध्ये आरोग्य मंत्रालयाने सांगितलं की ही वस्तू जवळ बाळगणंही कायद्याचं उल्लंघन आहे. त्या घोषणेनंतर हा पोट्टा पोलिसांकडे पाऊल टाकेल? बेकायदा वस्तूचा सौदा कोर्टात उभा राहत नाही. ही सगळी भीती विक्रेत्याच्या कामी येते. मला याचाच राग आहे. उल्लंघन कळवायला मंत्रालयाने पोर्टल सुरू केलं, ते या मुलांपर्यंत पोचलेलं नाही. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर ते आजच लावता येईल.

पोट्ट्याच्या बोटांना फोड आले होते. आता बरे आहेत.

[दृश्य: दुरुस्तीचं दुकान. वाळू भरलेला पत्र्याचा डबा.]

फुगलेल्या बॅटऱ्या भाऊ या वाळूत ठेवतात. पोट्ट्याने विचारलं, ही ठेवाल का? भाऊंनी दर विचारला नाही, बिल मागितलं नाही. बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावली आणि वाळूत दाबली.