फरशी खरवडणारं कासव

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या उन्हाळ्यात कोथरूडचे एक काका-काकू दवाखान्यात आले. दोघांनी मिळून कपड्यांचा टब धरलेला, टबात दहा किलोंचं कासव. "डॉक्टर, चार दिवस झाले, गॅलरीत मागच्या पायांनी फरशी खरवडतंय. खात नाही. पोट साफ होत नसेल का हो?" मी मागचे पंजे पाहिले. नखं घासून बोथट झाली होती, एकातून रक्त येत होतं. एक्स-रे काढला तर पोटात अकरा गोल अंडी! "अहो, पण घरात नर नाही," काकू म्हणाल्या. म्हटलं, कोंबडीला तरी अंडं घालायला कोंबडा कुठे लागतो?

हे कासव आफ्रिकेतलं, सुलकाटा. आपलं पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं कासव घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि सुलकाटाचीही सरकारदरबारी नोंदणी लागते. ती आधी करा.

आता अंडी अडकली कशामुळे? कॅल्शियम अंड्याच्या कवचाला लागतं, आणि अंडं बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही. कमी पडलं की कासवीण ते स्वतःच्या हाडांतून काढते. काकू रोज पालक आणि काकडी घालत होत्या. पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. "पण ऊन भरपूर मिळतं," काका म्हणाले. मिळत होतं, गॅलरीच्या बंद काचेतून! कॅल्शियम पचवायला ड जीवनसत्त्व लागतं, आणि ते तयार करणारे अतिनील किरण काच अडवते.

कोमट पाण्यात बसवलं, कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं. कळा आणणारं ऑक्सिटोसिन हाताशी ठेवलं, दिलं नाही. अंडं फुटलेलं किंवा फार मोठं असेल तर त्याने अंडनलिका फाटू शकते. कुणाचं ऐकून घरी टोचू नका. कासव मान टाकून पडलं किंवा मागून काही लोंबताना दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

घरी मात्र एक काम सांगितलं: माती द्या. खणायला जागा नसेल तर कासवीण अंडी धरून ठेवते. सोसायटीच्या मागे, शेवग्याखाली, वॉचमननेच कोपरा भुसभुशीत करून दिला. शेवग्याचा पाला खायलाही उत्तम, शिवाय जास्वंदीची पानं, हरळी, आणि पक्षीवाल्यांकडे मिळणारं समुद्रफेन.

तिसऱ्या संध्याकाळी काकूंचा फोन आला. "नऊ झाली!" उरलेली दोन त्यानंतर दोन दिवसांनी पहाटे. मी पुन्हा एक्स-रे काढला. पोट रिकामं होतं, आणि टबातून ती काकूंच्या पिशवीतल्या जास्वंदीकडे मान लांबवत होती.